खालचा व्हॉल

पाणीवालीचं सकाळपासून एका चादरीशी भांडण चाललं होतं. चादर जाड, दुपदरी, भिजल्यावर उचलता उचलत नव्हती, आणि पिळायला समोरच्या टोकाला माणूस नाही. पूर्वी एक टोक हिच्या हातात असायचं आणि दुसरं शिंपिणीच्या. दोघी उलटसुलट पीळ भरायच्या, आणि त्या पिळाबरोबर आळीभरच्या बातम्याही बाहेर पडायच्या. आता तिनं एक टोक दगडाखाली अडकवलं आणि दुसरं एकटीनं पिळलं. निम्मं पाणी चादरीतच राहिलं.

नदीकाठी धुण्याचे नऊ दगड होते. एकेकाला मालकीण होती, आणि दुसरीच्या दगडावर बसणं म्हणजे दिवसाची सुरुवात कज्ज्यानं करणं. आता आठ दगडांवर शेवाळ चढलं होतं. घरोघरी नळ आले तशा बायका एकेक करून मोरीतच धुवायला लागल्या. आणि गंमत बघा, ते नळ आळीत आणले कुणी? हिच्याच नवऱ्यानं. गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. काळ्या चिखलात कमरेइतकं उतरून त्यानं पाइप जोडले, तेव्हा ही चार दिवस ऐटीत फिरली होती.

नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. नळ हिच्याही मोरीत होता, पण मोरीत बोलायचं कुणाशी, बादलीशी? म्हणून ती नदीवर यायची. नदीवर तरी कोण होतं म्हणा. संध्याकाळी ती दारात बसायची, तेव्हा आळी सुनसान. सगळ्या टीव्हीपुढे बसल्या असतील, असं ती स्वतःला सांगायची आणि लवकर जेवून घ्यायची. एकटेपणानं तिचा जीव अगदी आंबून गेला होता. तोंडानं ती कुणाला तसं म्हणाली नसती, ती गोष्ट वेगळी.

तर त्या चादरीनं तिचं डोकं फिरवलं. नदीच्या काठावर, वाटेच्या कडेला, लोखंडी झाकणाखाली एक व्हॉल होता. तो बंद केला की फक्त या आळीचं पाणी थांबायचं. नवरा गेल्यावर जो नवा पाणीवाला आला, तो टाकीजवळचा वरचा व्हॉल उघडायचा आणि सायकलवर टांग टाकून घरी जायचा. खालचा व्हॉल त्याला कुणी दाखवलाच नव्हता. तो फिरवायची हातभर लांबीची चावी मात्र हिच्या दाराआड उभी होती.

सोमवारी उजाडता उजाडता तिनं झाकण उचललं, चावी लावली आणि नवऱ्यानं वर्षानुवर्षं उघडा ठेवलेला व्हॉल गच्च बंद केला. मग लुगड्याला हात पुसले आणि दगडावर जाऊन वाट बघत बसली.

कुणी आलं नाही. घरोघरी पिंप भरून ठेवलेलं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मंगळवारीही कुणी नाही. प्यायचं पाणी बायका वरच्या आळीतून आणत होत्या, धुणं मात्र साचत होतं. बुधवारी सकाळी वाटेवर बादल्यांचा आवाज आला, आणि ती दगडावरून उठून उभी राहिली.

"हा मेला नवा पाणीवाला," शिंपीण लांबूनच बोलत आली. "वर म्हणतो, मी रोज सोडतोय. मग जातंय कुठं?"

"माझ्या दगडाची काय दशा झालीय बघा," किराणेवाली म्हणाली. "बसले तर थेट पलीकडच्या गावाला पोचायची."

"तुझ्या वजनानं दगडच जाईल, तू नाही जायचीस," शिंपिणीनं टोला हाणला.

हशा पिकला. मास्तरीणबाईसुद्धा पदर खोचून पाण्यात उतरल्या. पाणीवालीनं काथ्यानं आठही दगड घासून दिले. कुणाचा साबण संपला तर आपला पुढे केला. चादरी पिळायला दोन-दोन बायका उभ्या राहिल्या. ऊन पाण्यावर आलं, पाय गार पडले, जिभा सैल सुटल्या. तिला वाटलं, हे असंच राहावं.

मग किराणेवाली शिंपिणीला म्हणाली, "काल बागेत तू ते जावयाचं अर्धंच सांगितलंस. पुढं काय झालं?"

"संध्याकाळी सांगते. इथं सांगितलं तर बागेत काय बोलू?"

पाणीवालीचा हात थांबला. "कुठल्या बागेत?"

"अगं, ती वीटभट्टीच्या जागेवर केलीय ना, ती. रोज साडेपाचला जमतो की आम्ही. वर्ष झालं." शिंपीण बोलता बोलता अडखळली. "भाऊजी गेल्यावर तू कुठं येत नव्हतीस. आधी म्हटलं, कशाला त्रास द्यायचा. मग ते राहूनच गेलं."

"मला वाटलं, बाग पोरांसाठी आहे," पाणीवाली म्हणाली, आणि खाली मान घालून तोच एक कपडा पुन्हा धुवायला लागली.

म्हणजे नळानं काही नेलं नव्हतं. बायका रोज भेटत होत्या, हसत होत्या, फक्त हिच्यावाचून. नळाला बोल लावता येत होता तोवर बरं होतं. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसून राहिली. व्हॉल उघडायचं तिला सुचलंही नाही. बागेत पाऊल टाकायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि साडेपाचला पायात चपला घालून निघाली.

बागेत दोन बाक समोरासमोर होते. पेन्शनीतले म्हातारे गोल चकरा मारत होते, घसरगुंडीपाशी गलका चालला होता. बायकांनी सरकून तिला टोकाला जागा दिली. मास्तरीणबाईंच्या मांडीवर एक अर्ज होता.

"बरं झालं आलात, वहिनी. तीन दिवस पाणी नाही, आणि हा माणूस खुशाल मी सोडलं म्हणतो. त्याला काढून टाका असं लिहिलंय. सगळ्यांच्या झाल्या, तुमची सही राहिलीय."

पेन हातात आलं. नव्या पाणीवाल्याला दोन लेकरं होती, हे तिला ठाऊक होतं. सही केली असती तर उद्याही या बाकावर जागा मिळाली असती.

"सही नाही करत मी," ती म्हणाली. "व्हॉल मीच बंद केलाय. नदीकडचा, खालचा. त्या बापड्याला तो माहीतसुद्धा नाही."

"काहीतरीच," किराणेवाली म्हणाली. "त्याला वाचवायला आपल्या अंगावर कशाला घेतेस? तू कशाला बंद करशील?"

"तुम्ही नदीवर यावं म्हणून."

आता मात्र सगळ्यांचा विश्वास बसला. मास्तरीणबाईंनी अर्जाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. किराणेवाली म्हणाली, "तीन दिवस आमचा जीव काढलास की गं."

शिंपिणीचा आवाज खाली आला. "असं वाटत होतं तर मला सांगायचं होतंस. एका शब्दानं सांगायचं होतंस."

"सांगायला कुणी असतं तर व्हॉल कशाला बंद केला असता?"

पाणीवालीनं पेन बाईंच्या हातात दिलं, चपला पायात सरकवल्या आणि नदीच्या वाटेला लागली. अंधार पडायच्या आत व्हॉल उघडायला हवा होता. फाटकाशी पोचली तेव्हा मागून शिंपिणीची हाक आली. "थांब, मी येते. ते झाकण एकटीनं उचलायचं नाही."

"सोमवारी एकटीनंच उचललं," ती मागे न बघता म्हणाली. ती थांबली नाही. पण चाल मात्र तिनं जरा कमी केली.