डाव्या बाजूचा आवाज

अकोल्याच्या टिळक रोडवर ताहेरचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. मांडववाल्यांचे बॉक्स, देवळांवरचे आणि मशिदींवरचे भोंगे, निवडणुकीचे माइक, जे काही फाटलं, जळलं, बसलं ते त्याच्याकडे यायचं. तीस वर्षं तो हेच काम करत होता. फाटका कोन, म्हणजे स्पीकरमधला कागदी पडदा, काढून नवा बसवायला त्याला पाऊण तास पुरायचा.

त्याचं एकच गिऱ्हाईक वेगळं होतं, अमरावतीचे कमलाकांत पांढरीपांडे वकील. त्यांच्याकडे विलायती स्पीकरची एक जोडी होती, कमरेच्या वर येणारी, अक्रोडाच्या लाकडाची. एका जिनिंग फॅक्टरीच्या वाटणीचा दावा त्यांनी जिंकला होता आणि त्याची सगळी फी त्या जोडीत घातली होती. तेवढ्यात मोटार आली असती, असं बाररूममध्ये लोक बरीच वर्षं म्हणत. वकीलसाहेब मात्र सायकलीवर कोर्टात जात आणि रविवारी सकाळी चार माणसं घरी बोलावून त्यांना गाणं ऐकवत. वर्षातून एकदा ते ताहेरला बोलावून जोडी तपासून घेत. त्या घरात ताहेर चपला काढून, हात धुऊन, मगच स्पीकरला हात लावायचा. पाहुण्यांशी ओळख करून देताना वकीलसाहेब म्हणत, “हे ताहेरभाई. यांच्याशिवाय या पेटीला कोणी हात लावत नाही.”

२००६ च्या एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला.

“ताहेरभाई, कंपनीनं योजना काढली आहे. जुनी जोडी परत द्यायची, तिच्या मूळ किमतीच्या निम्मे धरून ते नवी देतात. मी नाव नोंदवलं. पुढच्या रविवारी मुंबईहून माणूस येतो आहे तपासायला.”

“पण साहेब, जोडी तर चांगली आहे.”

“नाही हो. डावा हल्ली मंद झाला आहे. चौदा वर्षं झाली, म्हातारा झाला बिचारा. एक काम करा, शनिवारी या. कंपनीचा एक कागद आहे, आतला एकही भाग बदललेला नाही असं मेकॅनिकनं लिहून द्यायचं. तुमची सही लागेल.”

“येतो,” म्हणून ताहेरनं फोन ठेवला आणि तो स्टुलावर बसून राहिला.

आतला भाग बदललेला होता. आठ वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच बदलला होता.

१९९८ च्या दिवाळीआधीची गोष्ट. डाव्या स्पीकरचे स्क्रू सैल झाले होते. वकीलसाहेब कोर्टात, रमाबाई स्वयंपाकघरात. ताहेर स्क्रू आवळत होता, तेवढ्यात स्पीकरमधल्या चुंबकानं पेचकस खेचला. तो त्याच्या बोटांतून निसटला आणि थेट काळ्या कोनात घुसला. बोट जाईल एवढं भोक. मूळ कोन मागवायचा तर इंग्लंडहून, आणि किंमत त्याच्या दुकानाच्या सहा महिन्यांच्या कमाईएवढी. त्यानं रमाबाईंना सांगितलं, “भाभी, हा मी दुकानात नेऊन साफ करून आणतो.” मग दिल्लीहून तशाच मापाचा, तशाच वजनाचा कोन मागवला. कॉइल तीच ठेवली, चुंबक तेच, कागद तेवढा दुसरा. तीन दिवस तो त्याच्यावरच काम करत होता. आयुष्यात इतकं चांगलं काम त्यानं दुसरं केलं नव्हतं. जोडी लावल्यावर वकीलसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि ते म्हणाले, “साफ केल्यानं किती मोकळा झाला पाहा!” त्यांनी बक्षीस म्हणून कबूल केलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले. ताहेरनं ते घेतले. त्यानंतर तोंड उघडणं दरवर्षी जास्त जड होत गेलं.

वकीलसाहेबांचा फोन आला त्याच आठवड्यात तेल्हाऱ्याचा पुंजाराम मांडववाला टेम्पो घेऊन दुकानासमोर उभा राहिला. टेम्पोत आठ बॉक्स होते. त्यातल्या प्रत्येकाची दुरुस्ती ताहेरनं कधी ना कधी केलेली होती.

“घे रे ताहेर. काय देत असशील ते दे.”

“काहून? धंदा बंद?”

“लग्नं होऊन राहिले, पण वीस माणसात. देवळात हार घातला की झालं. तीन सालापासून कापसानं काही दिलंच नाही, वाजा कोण लावते?”

“घेणारं कोणी नाई, पुंजाराम. अकोटवाल्याचे बारा बॉक्स मांघं पडून आहे, पाह्य.”

पुंजारामनं आत डोकावून पाहिलं. भिंतीला छतापर्यंत रचलेल्या काळ्या पेट्या होत्या. “आमचं असं आहे,” तो म्हणाला, “घेतलं तेव्हा लाखाचं, विकाले गेलं तं लाकडाचं.” ताहेरनं शेवटी बॉक्स ठेवून घेतले आणि होते नव्हते तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

रात्री जेवताना त्यानं रजियाबीला सगळं सांगितलं. घरी ते उर्दूतच बोलत. ती पोळी तव्यावरून उतरवत म्हणाली, “बोल देंगे तो अमरावती का दरवाजा बंद. और नहीं बोलेंगे तो सही झूठी.” ताटं उचलताना म्हणाली, “मैं होती तो बोल देती. पर मुझसे दुकान का मत पूछना.”

शनिवारी ताहेर सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला गेला. दार रमाबाईंनी उघडलं. पाण्याचा पेला देताना त्या हळूच म्हणाल्या, “ताहेरभाई, तुम्ही तरी समजवा. नव्या जोडीसाठी वरचे पैसे भरायला हे बँकेतली ठेव मोडताहेत. अशिलं फी देत नाहीत, जिनिंगवाले तर गाव सोडून गेले. या वयात ठेव मोडायची म्हणजे…” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “आणि खरं सांगू? मला तर ते वेगळंच वाटतं. मी डाव्या बाजूनं हाक मारली तर ओ देत नाहीत.”

वकीलसाहेब खुशीत होते. टेबलावर कागद आणि पेन मांडून ठेवलेलं होतं. “या, बसा. ही रेघ आहे ना, इथं सही.”

ताहेर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, “साहेब, मले सही नाई करता येत.”

“का हो? चष्मा विसरलात?”

“डाव्याचा कोन कंपनीचा नाई. तो मी बदललेला आहे.”

मग त्यानं सगळं सांगितलं. पेचकस, भोक, दिल्ली, बक्षिसाचे पैसे, काहीच लपवलं नाही. बोलताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

वकीलसाहेबांनी पेनचं टोपण लावलं. “किती वर्षं झाली म्हणालात?”

“आठ.”

“आठ वर्षं.” ते खुर्चीत मागे टेकले. “आठ वर्षं मी लोकांना इथं बसवून सांगतो आहे, ऐका, हा आवाज दुसरीकडे कुठं नाही. आणि मला कळलं नाही.” त्यांचा आवाज चढला. “तुम्ही मला मूर्ख ठरवलंत, ताहेरभाई! माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर.”

“तसं मनात नव्हतं, साहेब.”

“आता कळलं डावा मंद का झाला ते. तुमचा तो दिल्लीचा कागद कुजला आत. जा तुम्ही.”

रमाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ताहेर पायरीवर चपला घालत होता.

तो अकोल्याला परत गेला नाही. अमरावतीजवळच्या वलगावला त्याची बहीण निखत राहायची, तिच्याकडे राहिला. मुंबईच्या माणसाला उद्या ते एकटेच तोंड देतील, हे त्याला बरं वाटेना. चूक आपली आणि खाली मान त्यांची, असं नको. रविवारी दहाला तो पुन्हा त्या दाराशी उभा राहिला. वकीलसाहेबांनी त्याला पाहिलं आणि ते दारातून बाजूला झाले.

कंपनीचा माणूस नेर्लेकर नावाचा होता, तिशीचा, घामानं भिजलेला. त्यानं आधी दोन्हींचे नंबर टिपले, मग स्क्रू काढून आत टॉर्च मारला. डाव्याशी तो थांबला.

“सर, हा ओरिजिनल नाही.”

“मी बदलला,” ताहेर म्हणाला. “साहेबांना माहीत नव्हतं.”

“काम सुंदर आहे,” नेर्लेकर म्हणाला, “पण योजनेत बसत नाही. आणि सर, जोडीतला एक गेला की दुसऱ्यालाही किंमत राहत नाही. मी फार तर एक पंचमांश लिहू शकतो.”

“ते असू द्या,” वकीलसाहेब म्हणाले. “मला सांगा, याच्या आवाजात फरक आहे का?”

नेर्लेकर ओशाळला. “सर, मी ऐकायला नाही आलो. मला नंबर बघून लिहायला सांगितलंय.”

त्याला दुपारची गाडी गाठायची होती. स्क्रू परत बसवून, सरबत पिऊन तो गेला. खोलीत तिघं उरले. वकीलसाहेब म्हणाले, “ठीक आहे. पंचमांश तर पंचमांश. उरलेले मी भरीन. हा मंद आवाज मला नको.”

रमाबाईंनी ताहेरकडे पाहिलं. ताहेरच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. गप्प राहिलं तर ठेव मोडणार, नवी जोडी येणार आणि तीही डावीकडून मंदच वाजणार. बोललं तर साहेबांना वाटणार की हा आपली चूक म्हाताऱ्याच्या कानावर ढकलतो आहे. आपलं ओझं काल उतरवून झालं होतं, तो इथून जाऊ शकला असता.

“साहेब, एकदा वाजवून पाहू,” तो म्हणाला. “मंग मी जातो, पुन्हा नाई येत.”

रमाबाईंनी तबकडी लावली. सतार सुरू झाली. ताहेर खोलीच्या मधोमध उभा राहिला. दोन्हीकडून सारखा, स्वच्छ आवाज येत होता.

“ऐकलंत?” वकीलसाहेब म्हणाले. “डावा दबलेला आहे.”

“साहेब, जरा खुर्ची फिरवून बसता का? स्पीकरकडे पाठ करून.”

“हे काय नवीन?”

“एकच मिनिट. डोळे मिटा आणि कोणत्या बाजूचा दबलेला आहे तिकडे हात करा.”

चिडूनच त्यांनी खुर्ची फिरवली, पाठ केली आणि डोळे मिटले. सतार चालूच होती. थोड्या वेळानं त्यांनी हात उचलला. डावा हात. त्या बाजूला आता उजवा स्पीकर होता, ज्याचा कोन कंपनीचाच, मूळचा होता.

त्यांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं, मग मान वळवून मागच्या पेटीकडे. हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेऊन मांडीवर ठेवला. तबकडी संपून सुई खरखरत राहिली, तेव्हा रमाबाईंनी उठून ती उचलली.

“कधीपासून?” वकीलसाहेबांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

“दिवाळीपासून,” रमाबाई म्हणाल्या. “मी दोनदा म्हटलं डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही म्हणालात, मी पुटपुटते.”

ताहेर “येतो” म्हणाला. त्याला कोणी थांबवलं नाही.

मे गेला, पावसाळा गेला. अमरावतीहून फोन आला नाही. दुकानात काम नव्हतं. त्या वर्षी गणपतीतही मंडळांनी बॉक्स कमी लावले. पुंजारामचे आठ आणि अकोटवाल्याचे बारा बॉक्स धूळ खात होते. रजियाबीनं शेजारच्या निम्म्या गाळ्यात शिवणयंत्र टाकलं आणि दुकान तिच्या पिको-फॉलवर तगलं.

मध्येच एकदा रमाबाईंनी फोन केला. डाव्या कानाची नस गेली होती, उजव्याचीही जायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, परत येणार नाही. रविवारची माणसं आता येत नाहीत, ह्यांनीच बंद केलं. आणि जोडी विकायची आहे. “तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाहा. मी फोन केला हे त्यांना सांगू नका.”

ताहेरनं नागपूरचा एक दंतवैद्य शोधला. त्याला बोलावून घेण्याआधी त्यानं एका कागदावर लिहिलं: डाव्या स्पीकरचा कोन मूळ नाही, १९९८ साली मी बदलला, आवाजात फरक नाही असं माझं मत आहे. खाली सही केली आणि तो कागद पोस्टानं नागपूरला पाठवला. दंतवैद्य येऊन जोडी बघून गेला आणि त्यानं कंपनीच्या पंचमांशापेक्षा बरंच जास्त मोजलं.

नोव्हेंबरात एका दुपारी वकीलसाहेब स्वतः दुकानात आले. ताहेर गडबडीनं उठला, स्टूल पुसून दिलं. त्यांच्या दोन्ही कानांत लहानशी यंत्रं होती.

“एसटीनं आलो,” ते म्हणाले. “सगळा रस्ता या यंत्रात घुसतो. हॉर्न, पत्र्याचा खडखडाट. माणसाचं बोलणं सोडून सगळं ऐकू येतं.” त्यांनी रचलेल्या बॉक्सकडे पाहिलं. “हे एवढे कोणाचे?”

“मांडववाल्यांचे. विकाले आलेले. कोणी घेत नाई.”

रजियाबीनं चहा पाठवला. वकीलसाहेबांनी अर्धा घेतला. मग एकदम म्हणाले, “तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला पुन्हा घरात घेतलं नसतं. मी माझा स्वभाव जाणतो.”

“म्हणूनच नाई सांगितलं, साहेब.”

“मोठ्यानं बोला.”

“म्हणूनच नाई सांगितलं!”

शेजारच्या गाळ्यातलं शिवणयंत्र थांबलं. वकीलसाहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतं ऐकू आल्याची, ते ताहेरला समजलं नाही. “माझा राग गेलेला नाही,” ते म्हणाले. “जाईल असंही वाटत नाही. पण त्या दिवशी तुम्ही परत आलात. नसता आलात तर मी ठेव मोडून बसलो असतो.”

त्यांनी उरलेला चहा संपवला, पिशवी उचलली आणि साडेचारची गाडी मिळेल का विचारलं. ताहेर त्यांना स्टँडपर्यंत सोडायला निघाला. रस्त्यात तो आधी त्यांच्या डाव्या हाताला होता. दोनदा त्यांनी “काय?” विचारल्यावर तो मागून फिरून उजवीकडे आला आणि त्या बाजूनं चालू लागला.