शारदेपाशी सारस

दवनीवाड्यात नवरात्रातली शारदेची मूर्ती भोजराजच्या घरची, हे ठरलेलंच. यंदा भोजराजचे हात थरथरू लागले, म्हणून मूर्ती सून नीतूनं घडवली आणि देवीपाशी हंसाच्या जागी सारस उभा केला. लांब तांबूस पाय, राखाडी अंग, लालभडक डोकं. चुकून नव्हे, चांगलं जाणूनबुजून.

त्याला कारण होतं. शारदा मंडळाचे अध्यक्ष, डेअरीवाले शालीकराम यांच्या धानाच्या बांधीत, शेताच्या ऐन मधोमध, सारसाच्या जोडीनं घरटं बांधलं होतं आणि त्यात दोन अंडी होती. मूर्तीची माती आणायला नीतू तिकडून जाई, तेव्हा नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर बसलेली दिसत. तिचा जीव त्यांच्यात गुंतला. शालीकराम मात्र चौकात सांगत फिरत होते, "धान पिकला, हार्वेस्टर आला का घरटं साफ!" नीतूनं त्यांच्या हातापाया पडून पाहिलं. त्यांनी हसण्यावारी नेलं. बरं, आता तुम्ही आणि तुमची शारदाच बघून घ्या, असं मनाशी म्हणत ती कामाला लागली.

मूर्ती न्यायला ट्रॅक्टर आला, बँड आला. शालीकरामांनी पक्षी पाहिला आणि बँड थांबवला.

"नीतू, हा हंस होय का?"

"नाही काकाजी, सारस आहे."

"कायले? शारदेले हंस पाहिजे. तो दूध आन् पाणी अलग करते."

"तुमच्या डेअरीचं दूध पाजलं तं बिचाऱ्याचा अख्खा दिवस पाणी काढण्यातच जाईल!"

बँडवाल्यांसकट सगळे खो खो हसले. शालीकरामांची बायको नंदाबाई तर तोंडाला पदर लावून सगळ्यात जास्त हसली. शालीकरामांचा पारा चढला.

"पाय काप त्याचे, डोकं पांढरं कर. नाही तं मूर्ती राहू दे इथंच. गोंदियावून दुसरी आणतो."

भोजराज खाटेवरून अर्धे उठले. जन्मभर कमावलेलं नाव एका पाखरापायी जाणार, या भीतीनं त्यांचा चेहरा उतरला. नीतूनं मातीकामाची सुरी आणली आणि शालीकरामांच्या हातात ठेवली.

"तुम्हीच कापा. पण डोळे उघडले आहेत."

डोळे रंगवून उघडले की मातीची देवी होते, मग मूर्तीला हत्यार लावायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. एरवी डोळे मंडळासमोर उघडत. नीतूनं ते पहाटेच उघडले होते, शारदेचे आणि सारसाचेही.

शालीकराम सुरी घेऊन पुढे झाले. सारस त्यांच्याकडेच बघत होता. त्यांचा हात काही उठेना. नंदाबाईनं देवीला कुंकू लावलं, वाकून सारसालाही लावलं आणि नवऱ्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"काऊन उभे राहिले? उचला न."

नवरात्रभर अख्ख्या गावानं सारसाला हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्यानंतर शालीकरामांच्या बांधीत हार्वेस्टर उतरला. वेळ आली तर त्याच्यापुढे आडवं पडायचं, असं ठरवून नीतू पळत गेली. पण शालीकराम तिच्या आधी पोचले होते. त्यांनी बांधीच्या कडेला धुऱ्यावर चपला काढल्या, अनवाणी चिखलात उतरले आणि घरट्याच्या भोवती बांबू रोवू लागले.

हार्वेस्टरचा छत्तीसगडी ड्रायव्हर वरून ओरडला, "चाचा, इधर मंदिर है क्या?"

"नहीं," शालीकराम म्हणाले. "अंडे हैं. गाडी घुमाके ले."