तानाबाईचा बांधलेला फोन

तानाबाई डोणगावच्या बायांसोबत लुंबिनीला निघाली, तेव्हा मायचा फोन तिच्या लेकानं, संघपालनंच तयार करून दिला. नेपाळचा रोमिंग पॅक टाकला. पण बस एक रात्र सरहद्दीच्या अलीकडे मुक्कामी थांबणार होती. तिथं फोन आपसूक पलीकडचा टॉवर धरतो आणि पॅकचे दिवस फुकट सुरू होतात, असं त्यानं ऐकलेलं. म्हणून नेटवर्कचं 'ऑटोमॅटिक' बंद करून त्यानं फोन आपल्याच कंपनीशी बांधून टाकला.

"पलीकडं गेली की फोन करून सांगतो कुठं दाबाचं ते. तोवर हात लावू नको."

पलीकडं गेल्यावर तो फोन लागणारच नाही, एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नाही.

इकडे गुलाबरावमामाचं घशाचं ऑपरेशन अचानक अलीकडे आलं. गाठीबरोबर आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. तारीख यात्रेनंतरची होती, म्हणून तर तानाबाई निर्धास्त गेली होती. मामानं एकच मागितलं: आवाज आहे तोवर बहिणीशी बोलायचं.

संघपाल फोन लावत राहिला. तिकडे परके टॉवर दारं उघडून उभे असतील, कोणीही आत घेतलं असतं. बांधलेला फोन मात्र घरचंच दार धुंडत असेल. सोबतच्या धम्मशीलाबाईंनी पॅकच घेतला नव्हता. बसवाल्याचा फोन बंद.

मामा दवाखान्याच्या खाटेवर घसा खाकरून तयार बसलेला.

"लागला काय बे?"

"लावून राह्यलो, मामा."

"लाव. तिले जयभीम तं घालतो." मग हसून म्हणाला, लहानपणी तिच्या ओव्यांनी झोपमोड व्हायची, तेव्हा मीच तिला गप्प बसवायचो.

आत नेलं तेव्हाही संघपालच्या कानाला फोनच होता. मामाचा आवाज निदान रेकॉर्ड करून ठेवावा, हे त्याला दार लागल्यावर सुचलं.

परतीत बस सरहद्दीच्या अलीकडे आल्यावर फोन लागला; संघपालनं फक्त 'दवाखान्यात ये' सांगितलं. तानाबाई बसमधून उतरली ती थेट दवाखान्यात आली. पदरात लुंबिनीच्या मातीची पुडी.

"मी फोनले हातबी नाही लावला, बाबा," ती संघपालला म्हणाली. "धम्मशीला म्हणे, दाबून पाह्य. म्या म्हटलं, माह्या पोरानं नाही सांगतलं."

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं पुडीची गाठ चाचपली.

"कुठं दाबाचं ते निघतानाच सांगून ठेवाचं होतं ना रे," एवढंच बोलली आणि आत गेली.

मामाच्या गळ्यात नळी होती. ती उशाशी बसली, अगदी हळू म्हणू लागली:

बंधूची माझ्या हाक, पांदणीनं येते
ऐकू येण्याआधी, मी दारी उभी राहते

सासरी ती ही ओवी म्हणायची, ती संपली की भेटीला आलेला मामा नेहमी बाहेरून ओरडायचा, "आलो वो, ताने!" सवयीनं ती थांबली. मामाचे ओठ हलले.

"हाव दादा," ती म्हणाली. "आलं ऐकू."

दारात उभ्या संघपालनं मायनं हाती दिलेला फोन पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर टाकला. नेटवर्कच्या कांड्या लगेच भरल्या. त्यानं तो उलटा करून खिशात घातला. आत मात्र तो गेला नाही.