डगच्या वाट्याचा शनिवार

कोर्टाने डगला लेकीसाठी, टेसासाठी, एकाआड एक शनिवार दिला होता, आणि या शनिवारी त्याला ब्रेंटची जिरवायची होती. ब्रेंट म्हणजे टेसाच्या आईचा नवा नवरा. टेसाला रोज शाळेत सोडणारा, तिच्या वेण्या घालणारा आणि तोंडातून कधी वावगा शब्द न काढणारा. असला सभ्य माणूस लेकराला काय हसवणार? म्हणून डगने डेटनच्या मॉलमध्ये लागलेला पादऱ्या राक्षसाचा सिनेमा मुद्दाम निवडला.

राक्षस पादला की पोरं थिएटर डोक्यावर घेत होती. मागची एक आजी नाकाला रुमाल लावून हसत होती. टेसाचा आवाज सगळ्यांच्या वर. डगला मूठभर मांस चढलं.

मग त्याच्या लक्षात आलं, की टेसा सगळ्यांच्या जरा आधीच हसतेय. राक्षस अजून नुसता वाकत असायचा आणि हिचं खिदळणं सुरू.

"टेसा, तू हा आधी पाहिलायस का गं?"

"नाही, डॅडी." तिने पॉपकॉर्नचा डबा त्याच्याकडे सरकवला.

डगला तिचं खोटं कळलं. म्हणजे तो ब्रेंट लेकाचाही असाच शेजारी बसून हसला असणार.

सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, लोक कोट चढवून निघाले. डगही उठला. टेसाने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बस ना, डॅडी. अजून एक पाद राहिलाय."