अकरा करवंट्या आणि एक मुकी माती

सरपंचांच्या ओसरीसमोर अख्खं करांगवुनी गाव लोटलं होतं. मध्ये चटईवर नारळाच्या अकरा करवंट्या, प्रत्येकीत एकेका परसातली माती. मागे काळा फेटा बांधलेले गुंतुर महाराज डोळे मिटून बसले होते. डोंगरापलीकडून आले होते म्हणे, आणि जमिनीशी बोलत होते म्हणे.

"माती रडते, बायांनो! तुम्ही रोज तिला लख्ख झाडता, तरी मिरच्या वाळतात, वांगी किडतात. का? कुणीतरी तिचं सत्त्व चोरतंय! जिचं सत्त्व गेलं ती माती माझ्या पाण्यानं हंबरडा फोडेल. जी गप्प बसेल, ती चोराची."

महाराजांनी बाटलीतलं मोगऱ्याची फुलं घातलेलं पाणी पहिल्या करवंटीत ओतलं. माती फसफसली, बुडबुडे फुटले. "या अल्लाह!" बायका मागे सरल्या. दुसरी फसफसली, तिसरी, चौथी. दहाच्या दहा. अकरावीत पाणी पडलं आणि मुकाट जिरलं.

"ही कुणाची?"

ती सारिपाआजीची होती.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, तेव्हा तुमिनी मात्र स्वतःच्या पायांकडे बघत होती. महाराजांनी आदल्या दिवशी तिलाच विचारलं होतं, "गावात कुणाची बाग हिरवी आहे?" आणि तिनंच नाव सांगितलं होतं. शिवाय मोगऱ्याच्या वासाखाली दुसरा एक वास तिच्या नाकाला झोंबला होता, व्हिनेगरचा. ती रोज पहाटे काकडी-गाजराचं आंबट लोणचं घालून बाजारात विकायची. तिचं नाक त्या वासाला फसणं शक्यच नव्हतं. तरी ती बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

बरं वाटायला कारण होतं. तुमिनीचं अंगण आरशासारखं. कोंबडं आरवायच्या आत ती पान न् पान झाडून कोपऱ्यात ढीग करी आणि पेटवून देई. सगळ्या गावाची हीच रीत. अंगणात पान दिसलं तर बाई आळशी. सारिपाआजीची मात्र तीन वर्षांपूर्वी कंबर मोडली. तेव्हापासून तिच्या परसात फणसाची न् केळीची पानं घोट्याएवढी साचलेली. आणि अशा त्या गबाळ्या परसात मिरच्या लगडलेल्या! तुमिनीला लोणच्यासाठी रोज तिच्याच दारात जावं लागे. आजी दोन मिरच्या जास्त घालून म्हणे, "घे गं, तुझ्याकडे काही उगवत नाही ना." आजी मायेनंच म्हणायची, पण तुमिनीला ते जिव्हारी लागायचं.

सरपंचांनी निकाल दिला, येत्या शुक्रवारी आजीनं गाव सोडावं. महाराज प्रत्येक घरातून दोन कोंबड्या घेऊन मातीची शांती करू लागले.

मधल्या बुधवारी आजीच्या नवऱ्याला जाऊन हजार दिवस झाले. हजाराव्या दिवसाचं असं स्मरणाचं जेवण कुणी चुकवत नाही, भांडलेला भाऊसुद्धा येतो. आजीनं वाकल्या कंबरेनं पिवळ्या भाताचा डोंगर रचला, केळीची पानं मांडली आणि दाराशी वाट बघत बसली. एक माणूस फिरकलं नाही. तुमिनीनं कुंपणातून पाहिलं. आजी एकेका पानावरचा भात मुकाट्यानं कोंबड्यांपुढे टाकत होती. आपण एका म्हातारीला जिवंतपणी पुरलं, हे तिला लख्ख कळलं.

ती तडक शाळेत विदार्तीबाईंकडे गेली. सगळं ऐकून बाईंनी विचारलं, "माती कुठून आणायला सांगितली होती त्यानं?"

"कचऱ्याच्या कोपऱ्यातून. म्हणाला, दोष तिथं साठतो."

बाई हसल्या. "तिथं दोष नाही, राख साठते. चला, मी येते. पण हात तुमचे लागतील."

"माझे? लोक काय म्हणतील, बाई?"

"मी केलं तर म्हणतील मास्तरीण शहाणपण शिकवते. वास तुम्हाला आला होता ना?"

शुक्रवारी आजी गाठोडं घेऊन ओसरीवर बसली होती. तुमिनीनं सगळ्यांदेखत आजीची मुकी माती घेतली, तीत स्वतःच्या चुलीतली मूठभर राख कालवली आणि दुकानातलं व्हिनेगर ओतलं. माती भसाभसा फेसाळली.

"अविश्वासू हातानं जमीन कोपते!" महाराज गरजले.

"मग आता हिला कोणी लुटलं, महाराज?" सुतार पार्जो म्हणाला. "राखेनं?"

तुमिनीनं आपल्या अंगणाच्या मधली माती खणून आणली, तिथं राख नव्हती. तीवर महाराजांचंच पाणी ओतलं. एक बुडबुडा नाही. पार्जोनं बाटलीत बोट बुडवून चाटलं. "अरे, हे तर लोणच्याचं पाणी! भाजलेल्या कोंबडीबरोबर द्या की!"

हशा पिकला. विदार्तीबाईंनी समजावलं, "लिंबात सोडा घातला की फसफसतं ना? तसंच आंबट आणि राख. तुम्ही पानं जाळता म्हणून तुमच्या कोपऱ्यात राख आहे. आजी जाळत नाही, म्हणून तिची माती गप्प. आणि पानं हेच मातीचं जेवण. कुजली की गांडुळं येतात, माती भुसभुशीत होते, पाणी धरते. तुम्ही रोज तिच्या तोंडचा घास झाडून पेटवता, आणि मग विचारता सत्त्व कुणी चोरलं!"

एव्हाना महाराज कोंबड्यांची टोपली उचलून पसार झाले होते.

सगळे तुमिनीची वाहवा करू लागले. "बाई हुशार हो! कसं ओळखलंस?" ती शाबासकी तिला सोसवेना. "मी आजच नाही ओळखलं," ती म्हणाली. "व्हिनेगरचा वास मला पहिल्याच दिवशी आला होता. आणि आजीचं नावही मीच सांगितलं होतं."

सरपंच खाली मान घालून बसले, कारण बुधवारी जेवायला तेही गेले नव्हते.

सारिपाआजी तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "त्यानं पोटासाठी केलं गं. तू कशासाठी केलंस?"

आजी उठली, गाठोडं काखोटीला मारलं आणि कुणाचा हात न धरता आपल्या घराकडे चालू लागली.

बायांनो, बाप्यांनो, मातीला मंत्र लागत नाही, पालापाचोळा लागतो. तो जाळू नका, झाडांच्या बुडाशी पसरा. बुवा सापडला की त्याची बाटली हुंगून बघा, हे तर खरंच. पण वास आला की त्याच क्षणी बोला. आठवडाभरानं बोललात तर बुवा पळेल, मिरच्याही येतील, पण आजीच्या दारचं ते जेवण पुन्हा जेवता येणार नाही.