वाचून न दाखवलेला शेवट

मी एक जुनी प्रेमकथा आहे, मित्रांनो. खांदा कॉलनीतल्या तुमच्या सोसायटीच्या कपाटात, गाइडांच्या आणि फाटक्या चित्रकथांच्या मध्ये जी जाड कादंबरी अंग चोरून उभी आहे, ती मीच. मुखपृष्ठावरची नायिका आता फिकट झाली आहे. पण २००८ साली मी छापून बाहेर पडले, तेव्हा माझा रुबाब काय विचारता! आमच्या लेखिकाबाईंचे नावच एवढे मोठे, की पनवेलच्या वाचनालयात माझ्यासाठी आधीच नंबर लागले होते.

पहिला नंबर अस्माचा. तिचा नवरा अब्दुल्ला मस्कतला नोकरीला होता, दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचा. मधल्या काळात तिला सोबत होती ती लेकीची, आयतची, आणि आमच्या बाईंच्या पुस्तकांची. बाईंच्या गोष्टींत दूर गेलेली माणसे सहसा परतत नसत, आणि मागे राहिलेल्या बायका रडूनभेकून पुन्हा उभ्या राहत. ही बाई माझ्या मनातले लिहिते, असे अस्मा सगळ्यांना सांगायची.

उरणच्या भीमाबाई दर बुधवारी मासळीची पाटी घेऊन यायच्या. पाटी रिकामी झाली की एसटीची वेळ होईपर्यंत त्या अस्माच्या दारात टेकायच्या. अस्मा त्यांना चहा द्यायची आणि कादंबरीचे एक प्रकरण वाचून दाखवायची. भीमाबाईंना वाचता येत नव्हते, पण ऐकता ऐकता त्यांचा चहा गार होऊन जायचा. त्यांचा नवरा दादू होडी घेऊन दर्यात गेला, तो परत आलाच नव्हता.

माझी गोष्टही तशीच. माझ्या नायिकेचा प्रियकर वादळात बेपत्ता होतो. भीमाबाई पाटी खाली ठेवायच्या आधीच विचारायच्या, "आला का गो तो?" अजून नाही मावशी, असे अस्मा म्हणायची. मी मनात फुशारून जायचे. या घरात आपण जीव की प्राण होणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

मग एका दुपारी अस्माला धीर धरवेना. तिने मला शेवटपर्यंत वाचून काढले, आणि तिथेच माझे नशीब फुटले. शेवटच्या चार पानांत माझा नायक परत येतो. कडक इस्त्रीच्या शर्टात, हसत हसत. नायिका धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते, आणि संपले. कुठे होतास म्हणून विचारणे नाही, रागाचा एक शब्द नाही. अस्माने मला पालथे टाकले. अब्दुल्ला सुट्टीवर आला की आयत दाराआड लपायची, आणि खुद्द अस्मालाही त्याच्याशी काय बोलावे ते सुचत नसे. माणूस परत येतो म्हणजे काय होते, हे तिला पुरते ठाऊक होते.

"इतकी वर्षं ही एकटीच माझ्याशी खरं बोलत होती," ती आयतला म्हणाली. "आता हिनेही थाप मारली." आणि ती रडली. मित्रांनो, पुस्तकाला शिव्या दिलेल्या चालतात, आदळले तरी चालते. पण आपल्यावर भरवसा ठेवून कोणी फसले आणि रडले, तर ते सोसत नाही. लिहिले बाईंनी, पण शब्द माझ्या अंगावर होते ना!

बुधवारी भीमाबाई आल्या. अस्माने मला उघडले, शेवटच्या प्रकरणावर बोट ठेवले आणि भलतेच वाचू लागली. ज्या बाईने दर्याकडे बघून डोळे शिणवले, तिला तो इस्त्रीच्या शर्टवाला ऐकवायची तिची छाती झाली नाही. तिने मनानेच शेवट रचला. तो येत नाही. नायिका वाट पाहणे सोडते आणि कामाला लागते. शेवट झकास होता, माझ्यापेक्षा कितीतरी सरस.

भीमाबाईंनी गार झालेला चहा खाली ठेवला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझा नाय आला, त्याला काय इलाज नाय. पन यो पुस्तकातला व्हता गो. यो तरी यायला पायजे व्हता."

अस्माचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिच्या हातात उघडीच होते. तो आलेला होता, तिच्या बोटाखालीच छापलेला होता! पण कोणी वाचल्याशिवाय आम्हाला तोंड फुटत नाही. अस्मा शब्द जुळवत राहिली, तोवर एसटीची वेळ झाली आणि भीमाबाई पाटी उचलून गेल्या.

पुढच्या बुधवारी खरे सांगून टाकायचे, असे तिने ठरवले. पण भीमाबाई पुन्हा आल्याच नाहीत. त्यांचे गुडघे गेले, मुलगा काशिराम त्यांना उलव्याला घेऊन गेला, एवढे दुसऱ्या कोळणीकडून कळले. पत्ता तिलाही माहीत नव्हता. वाचनालय बंद पडले तेव्हा अस्माने मला विकत घेऊन जपून ठेवले. मग अब्दुल्लाने दोघी मायलेकींना मस्कतला बोलावून घेतले, आणि जाताना तिने मला या कपाटात ठेवले.

तेव्हापासून मला कोणी उघडलेले नाही. त्याचे मला फारसे वाटत नाही. माझा शेवट खोटा आहे, हे मी अस्माकडून शिकले. पण तोच खोटा शेवट एका म्हातारीला हवा होता, आणि अंगावर असूनही मला तो तिला देता आला नाही. हे मात्र मला फार लागते.

म्हणून एक मागणे आहे, मित्रांनो. माझी पाने फाडू नका, होड्या करू नका. आणि तुमच्यापैकी कोणी उलव्याला जाणार असेल, तर मला सोबत न्या. काशिराम कोळ्याची आई कुठे राहते, तेवढे विचारा. भेटल्या तर शेजारी बसा, मला मागून उघडा, आणि छापले आहे तसेच वाचून दाखवा. तो आला म्हणून सांगा.