ध अक्षराचा केक

तळेगावच्या बेकरीत सृष्टी खोक्यांना फिती बांधायची, पण तिचं सगळं लक्ष आतल्या ओव्हनकडे असायचं. मालकीण पद्मजाताईंनी भिंतीवर अक्षरमाला लावायचं मनावर घेतलं होतं. प्रत्येक अक्षराला एक केक. अननस, आंबा, खजूर, गाजर, फणस ही नावं भराभर बसली. ढला ढोकळा दामटून बसवला, ण आणि ळ यांना सरळ रजा दिली. ध तेवढा रिकामा राहिला.

"ध जी भरेल ती सोमवारपासून ओव्हनवर," ताई म्हणाल्या. तेव्हापासून सृष्टीला चैन नव्हतं. धण्याचा केक होतो का, हेसुद्धा तिनं चार जणांना विचारून पाहिलं होतं.

रविवारी गावी, टाकव्याला, तिची आई रतनबाई परसात चुलीपुढं बसली होती. पातेल्यात तांदळाच्या कण्या, गूळ आणि किसलेली जून काकडी, झाकणावर निखारे. दर पावसाळ्यात व्हायचं ते. घरात सगळे त्याला नुसतं 'काकडीचं' म्हणायचे. सृष्टी थबकली. खाली आच, वर आच, म्हणजे हा केकच की.

"आई, तुज्या माहेरात ह्याला काय म्हंत्यात?"

रतनबाईचं माहेर घाटाखालचं. तिनं पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि निखारे सारखे करायला घेतले. "काकडीचंच म्हंत्यात."

खोटं बोलताना आईचे हात उगाच कामाला लागतात, हे सृष्टीला चांगलं ठाऊक होतं.

"मी अक्षरं म्हनते. आलं की थांबव."

क गेला, ख गेला, च-छ गेले. रतनबाई मान हलवत राहिली. त, थ, द. ध म्हणताच तिनं पदर डोक्यावर ओढला.

सृष्टी बघतच राहिली. घरात ध एकाच माणसाचा, आबांचा. धोंडिबा. नवऱ्याचं नाव रतनबाईनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि त्यासारखा शब्दही नाही. धोंड्यालाही ती दगड म्हणायची.

मग घाटाखाली नथूमामाला फोन लागला. मामा हसला. "अगं, धोंडस ते."

सृष्टीचं ओव्हन पक्कं झालं. तरी तिनं विचारलं, "बेकरीच्या भितीवर लिहू ना, आई?"

"लिही की. मला कुटं वाचता येतंय."

आबा मात्र पायरीवरून उठून आले. "तीस वर्सं खातोय मी. नाव आज कळतंय व्हय?" आवाजात राग नव्हता, पण त्यांना लागलं होतं. "एकदा तरी म्हनायचं."

रतनबाईनं पहिली वडी कापली आणि त्यांच्या ताटलीत ठेवली.

"तुमचं नाव तोंडानं घेता येत न्हवतं," ती म्हणाली, "म्हनून हातानं घेत आले."